विराप्पाच्या बांधावरचा जोड

१३ मे, बुधवार

नोकरीत रोज सबस्टेशनचं लॉगबुक लिहायचो. रिटायर झालो तरी हात वळवळतो, म्हणून ही डायरी. एरवी लिहायला असतं तरी काय? लाईट गेली, लाईट आली. आज मात्र लिहायला लई आहे आणि सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

दुपारी शिवांजली आली पुण्याहून. एकटी. आणि कशात आली? भलीमोठी पांढरी ट्रॅव्हलर गाडी, तीही स्वतः चालवत! गल्लीच्या तोंडाला हॉर्न वाजला तेव्हा मला वाटलं ॲम्ब्युलन्स आली, कुणाचं काय झालं आता. पळत गेलो तर स्टिअरिंगवर आमचं रत्न. आत डोकावलो आणि उडालोच. पलंग, कपाटं, गॅस, भांडी घासायचं बेसिन, आणि शेगडीपासून हातभर अंतरावर संडास. संडास!

"पोरी, हे काय गं?"

"फिरतं घर आहे बाबा. कॅराव्हॅन म्हणतात. आम्ही दोघांनी मिळून घेतली होती फिरायला. सध्या माझ्याकडं आहे."

"आणि जावईबापू?"

"त्यांना सुट्टी नाही."

गाडी काही अंगणात शिरेना. फाटकाचा उजवा खांब आडवा येतो. शिवांजली म्हणाली, "हा खांब हातभर बाजूला घेतला तर येईल बघा." मी म्हटलं, वेडी का काय! रिटायर झाल्यावर हौसेनं बांधलेला खांब, त्यावर ग्रॅनाईटची पाटी, 'लिंबाजी बळीराम सगर, सेवानिवृत्त वायरमन'. गावात एवढी पाटी सरपंचाच्या दारावर नाही. "गाडी भायेर ऱ्हाईल. खांब हलणार न्हाय," असं ठणकावून सांगितलं.

मग गाडी गाडीवाटेनं वळसा घालून आमच्या रानात नेली, विहिरीजवळच्या लिंबाखाली. घरामागं आमचं परस, मग शेजारच्या विराप्पाचं रान, त्याच्या पलीकडं आमचं. पोरगी म्हणते मी गाडीतच झोपणार. घर असताना गाडीत! मी तोंड उघडणार तेवढ्यात तिची आई बानू म्हणाली, "तुमी गप बसा. दमून आलीया ती." आमच्या बानूनं मला इतक्या हळू आवाजात गप बसवल्याचं हे पहिलंच.

१६ मे, शनिवार

रानात मोबाइलला रेंज नाही, भाग खोलगट आहे. शिवांजलीला नेट पाहिजे, ऑफिस गाडीतनंच चालतं म्हणे. घरात नेटची डबी आहे, बस की इथं ओसरीवर, तर म्हणते घरात माणसं येतात जातात. "बाबा, घरातल्या डबीपासून गाडीपर्यंत केबल टाकता येईल का?"

हे कुणाला विचारतेस? तीस वर्षं खांबावर चढून गेली माझी. तालुक्यात लिंबाजी वायरमननं ओढलेली लाईन तुटली असं कुणी म्हणून दाखवावं.

ती म्हणाली, "दहा जूनला सकाळी अकराला एक महत्त्वाचं काम आहे, समोर व्हिडिओवर मोठे लोक असणार. त्या वेळी नेट गेलं तर पुन्हा किती महिने थांबावं लागेल सांगता येत नाही. माझं सगळं त्याच्यावर आहे."

म्हणजे बढतीची मुलाखत. मी लगेच ओळखलं. तिला म्हटलं, तू निर्धास्त ऱ्हा.

केबलचं भोक कुठं पाडायचं ते बघायला गाडीत चढलो होतो. तिनं कपाट उघडलं तर आत लग्नातले शालू, प्रेशर कुकर, आणि एका फाईलीत दहावीचं सर्टिफिकेट. मागच्या खिडकीत तुळशीची कुंडीसुद्धा. पर्यटनाला निघालेली बाई दहावीचं सर्टिफिकेट कशाला घेते बरोबर? हल्लीच्या पोरींचं काही कळत नाही. गळ्यात मंगळसूत्रही नाही, तर म्हणते गाडी चालवताना अडकतं. मी म्हटलं, मग ट्रकवाल्यांच्या बायका काय करतात? त्यांच्या बायका गाडी चालवत नाहीत बाबा, म्हणाली. बरोबर आहे तेही.

१८ मे, सोमवार

कालपासून धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांतनं एकदा येतो. सकाळीच बानूला सांगितलं, अनारशाच्या तयारीला लाग, जावईबापूंना बोलवायचंय. लग्नानंतरचा हा त्यांचा पहिलाच धोंडा. चांदीचं निरांजन द्यायचं माझ्या मनात आहे. बानूच्या हातातली पळी तशीच राहिली. "बघू," म्हणाली. बघू काय? लोक जावयाला गाडी पाठवून आणतात!

रात्री जेवताना वरच्या गल्लीतल्या बजरंगाचा विषय निघाला. त्याची पोरगी अर्पिता नवऱ्याला सोडून कायमची परत आली. मी म्हटलं, ह्यात पोरीपेक्षा बापाची चूक. बापानं लाड केले. माझी असती तर दारात उभी केली नसती, पहिल्या एसटीनं परत धाडली असती. बानूनं ताटात भात वाढता वाढता माझ्या हातावरच वाढला. शिवांजली अर्ध्या भाकरीवरनं उठली. ऊन लई आहे, भूक मरते माणसाची.

२१ मे, गुरुवार

मुरुमच्या बाजारात जाऊन वायर आणली. शंभर मीटरचं बंडल, उन्हापावसाची, काळी. घरी येऊन सोलली आणि कपाळाला हात लावला. आत आठ तारा! दोऱ्यासारख्या बारीक, रंगीबेरंगी, दोन दोन पिळलेल्या. अख्ख्या घरात उजेड पाडायला दोन तारा पुरतात, ह्या नेटाला आठ!

विराप्पाकडं गेलो परवानगीला. तो आधी म्हणाला, "अण्णा, माझ्या रानातनं नगं. रोटाव्हेटर फिरवायचाय, तुकडं तुकडं व्हतील." शेवटी बांधावरनं न्यायची ठरली. बांबू रोवून डोक्याच्या उंचीवरनं. चहा दिला त्यानं, आणि "जावई कवा येनार?" म्हणून विचारलंही. सगळ्या गावाला ठाऊक आहे लिंबाजीचा जावई पुण्यात केवढा मोठा आहे.

२३ मे, शनिवार

बांबू रोवून झाले, वायर ओढली, आणि बांधाच्या टोकाला, गाडी वीसेक पावलांवर असताना वायर संपली! बांधाचं वळण मोजण्यात धरलंच नव्हतं. लिंबाजीचं मोजमाप चुकलं! पाणी प्यालो दोन तांबे.

शिवांजली म्हणाली, "मोठं बंडल आणू या बाबा, एकसंध. मधे जोड नको. तसंही शंभर मीटरच्या पुढं नेट दमतं, मधे एक डबी बसवावी लागते."

माझं डोकंच फिरलं. वीज पार कुठल्या धरणावरनं येते ती दमत नाही, आणि हे नेट विराप्पाच्या बांधावरनं जाताना दमतं?

"पिळून जोड देऊ नका हं. विजेची वायर नाही ती."

"बरं बरं," म्हटलं. ती घरात गेली आणि मी कपाटातनं जुना तुकडा काढला, डबी बसवायला आलेल्या पोरानं टाकून दिलेला. आठच्या आठ तारा रंगाला रंग लावून पिळल्या, टेप मारली, वरनं प्लास्टिकची बाटली कापून टोपण घातलं. आता पाऊस लागायचा नाही, ऊन लागायचं नाही. पोल क्रमांक चार. संध्याकाळी गाडीत नेट आलं. शिवांजलीचा चेहरा असा उजळला की विचारू नका, कितीतरी दिवसांनी हसली. बाटली कसली म्हणाली, तर पाखरं बसू नयेत म्हणून लावली असं सांगितलं. लाईन चालू.

१ जून, सोमवार

विशेष काही नाही. शिवांजली दिवसातनं चारदा विचारते, बाबा, दहा तारखेला लाईट जाणार नाही ना? मी सबस्टेशनला फोन करून पोरांना दम दिलाय. घरच्या डबीला बॅटरीही लावली.

बानू रोज दुपारी गाडीत जाऊन बसते. दोघी काय बोलतात कळत नाही. मी गेलो की दोघींना एकदम चहाची आठवण होते.

५ जून, शुक्रवार

बानू टाळाटाळ करते म्हणून आज मीच जावईबापूंना फोन लावला. योगीराजांनी पहिल्यांदा उचलला नाही, मग त्यांचाच आला. म्हटलं, महिना सरत आला, एक दिवस तरी या, धोंडे खाऊन जा, तुमची वाट बघतोय.

"बाबा," म्हणाले, "आता माझं येणं बरं दिसणार नाही. दहा तारखेला ते आहे ना."

बघा! बायकोच्या मुलाखतीची तारीख नवऱ्याच्या ध्यानात! मी म्हटलं, काळजी करू नका, लाईन मी स्वतः ओढलीय, तुमच्या मनासारखं होणार. त्यावर, "तुम्ही लई चांगले आहात बाबा, तब्येतीला जपा," एवढंच बोलले. आवाज घोगरा येत होता, सर्दी झाली असणार. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. बानूला हे सांगितलं तर ती परसात जाऊन उभी राहिली.

९ जून, मंगळवार

संध्याकाळी वारं सुटलं होतं, दोन बांबू कलले. सरळ केले. उद्या अकरा वाजता. पोरीपेक्षा मलाच धडधडतंय.

१० जून, बुधवार

लिहितो. हात चालत नाही, बोटं वळत नाहीत, तरी लिहितो.

सकाळी देवाला अगरबत्ती लावली. शिवांजली साध्या फिक्या ड्रेसमधे आली. मी म्हटलं, मुलाखतीला जरा झकपक पाहिजे. ती वाकून पाया पडली. "जिंकून ये," म्हणालो मी. गाडीत शिरली आणि दार लावून घेतलं. बानू बांधावर पदर तोंडात धरून बसली होती. मला वाटलं, आईचं काळीज.

अकरा वाजून थोडा वेळ झाला असेल. गाडीचं दार धाडकन उघडलं.

"बाबा! गेलं! नेट गेलं!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. लहानपणी विंचू चावला तेव्हासुद्धा नाही. मला कळलं कुठं गेलं असणार ते. धोतर सावरत पोल क्रमांक चार गाठला. बाटली लोंबकळत होती. काल बांबू सरळ करताना ताण आला होता आणि जोड सुटत आला होता. माझा जोड! टेप फाडली, सुटलेल्या तारा पुन्हा पिळल्या, पण इतक्या बारीक, आणि माझी बोटं ही असली जाडजूड. शेवटी सगळ्या जागेवर धरून मूठ आवळली.

"आलं! आलं बाबा! तसंच धरा, हलू नका!" दार परत लागलं.

मी वायर खाली ओढून बांधावर उकिडवा बसलो. बानू जवळ आली. मी गमतीनं म्हटलं, "बघ, पोरीची बढती माझ्या मुठीत हाय."

बानू म्हणाली, "कसली बढती? अवो, कोर्ट हाय ते. घटस्फोट हाय आज पोरीचा."

काय?

एकदा डीपीच्या खांबावर शॉक बसून खाली आपटलो होतो. तेव्हा निदान पडलो तरी. आज पडताही येईना, हातात जोड. बानू सांगत होती ते कानावर पडत होतं. दोघांच्या मर्जीनं आहे, मारहाण न्हाय, भांडण न्हाय, दोन वर्षं एका घरात परक्यासारखी ऱ्हायली. पुण्याला जाऊन त्याच्या शेजारी उभं ऱ्हायला नको म्हणून वकिलानं हे व्हिडिओवर करून घेतलं. मला शालू दिसायला लागले, कुकर, दहावीचं सर्टिफिकेट. जावयाची सर्दी. आणि त्याला मी म्हणालो होतो, तुमच्या मनासारखं होणार!

"मला का न्हाय सांगितलं?"

"त्या रात्री जेवण झाल्यावर सांगणारच हुती. बजरंगाच्या पोरीवरनं काय बोललात, आठवा."

आठवलं.

मग मनात आलं ते आलं. खोटं कशाला लिहू. मूठ उघडली तर? काही करायचं नव्हतं, नुसती बोटं सैल सोडायची होती. नेट जाईल, तारीख पुढं जाईल, तेवढ्यात मी पुण्याला जातो, योगीराजांच्या हातापाया पडतो, दोघांना समोरासमोर बसवतो. गावात कुणाला कळायचंही नाही. बोटं सैल व्हायला लागली होती. देवाशपथ, लागली होती.

गाडीची खिडकी उघडी होती. आतनं आवाज आला, "हॅलो? मॅडम, माझा आवाज येतोय का?" मी मूठ परत आवळली, कशी कोण जाणे.

कुणीतरी बाई विचारत होत्या, कुणाचा दबाव आहे का. "नाही. माझ्या मर्जीनं." मग काहीतरी कागदाचं. मग विचारलं, सध्या राहता कुठं, पत्ता सांगा.

शिवांजली थांबली. "पत्ता नाही मॅडम. गाडीत राहते."

"आई-वडील?"

"आहेत. त्यांच्या घरी नाही राहत मी."

विराप्पाच्या बांधावर, उन्हात, गार पडलो मी. गावातल्या घराघरात लाईन नेली. पाटी लावली ग्रॅनाईटची. आणि माझी पोरगी कोर्टाला सांगते, पत्ता नाही. त्यानंतर मूठ अशी आवळली की तारा तळहातात रुतल्या. बानू पदरानं माझ्या डोक्यावर सावली धरून उभी राहिली. ती रडत होती, मीही रडत होतो, पण हात हलू दिला नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. दार उघडलं. शिवांजली बांधावरनं चालत आली.

"बाबा, झालं. सोडा आता."

बोटं उघडेनात. तिनं खाली बसून एकेक बोट सोडवलं. तळहातावर आठ तारांचे वळ. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कळलं तुम्हाला?"

"कळलं."

"रागावलात?"

माझ्या तोंडातनं भलतंच निघालं. "जोड द्यायला नको हुता. तू सांगितलं हुतंस."

ती हसायला लागली आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली, इतकी रडली की विराप्पा रोटाव्हेटर बंद करून बघायला लागला. मी त्याला हातानंच सांगितलं, चालू दे तुझं.

१४ जून, रविवार

तीन दिवस लिहिलं नाही. जेवणही धड गेलं नाही. अजून सकाळी उठलो की पहिल्यांदा वाटतं स्वप्न पडलं होतं, मग तळहात बघतो.

बानूनं विचारलं, अनारशाचं पीठ तयार आहे, त्याचं काय करू? म्हटलं, तळ. पोरीला घाल.

मग पहार आणि घण काढला आणि फाटकापाशी गेलो. आधी पाटी जपून उतरवली. मग खांबावर पहिला घाव घातला. आवाजानं गल्ली गोळा झाली. लिंबाजीला उन्हाचं लागलं, असंच वाटलं असणार सगळ्यांना. विराप्पाही आला. बजरंग मागं भिंतीला टेकून उभा होता, हल्ली तो माणसांत फारसा येत नाही.

विराप्पा म्हणाला, "काय अण्णा, एवढा मायेनं बांधलेला खांब! जावई येनार हाय काय गाडी घिऊन?"

बानू दारात येऊन उभी होती, तिच्या मागं शिवांजली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "न्हाय. जावई न्हाय आता. माझी पोरगी आलीया. ऱ्हायला आलीया, कायमची."

विराप्पानं टोपी काढून परत घातली. मी बजरंगाकडं बघू शकलो नाही. घण उचलला, दोन घाव घातले, दम लागला. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातनं घण काढून घेतला. बजरंगच होता. "सरका जरा, दादा," म्हणाला, आणि उरलेला खांब त्यानं पाडला. विटा आम्ही दोघांनी मिळून बाजूला रचल्या. मला त्याला काहीतरी बोलायचं होतं. जमलं नाही. अनारसे मात्र बांधून दिले, अर्पितासाठी म्हणून सांगून.

दुपारी गाडी अंगणात आली. बानू मागं उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करत होती, जशी काही जन्मभर ट्रकवर क्लीनर होती. वायर उतरवून गुंडाळून माळ्यावर टाकली. आता लागणार नाही.

संध्याकाळी शिवांजली ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. म्हणाली, "बाबा, वकिलांना पत्ता कळवायचाय. कागदपत्रं कुठं पाठवायची विचारतात. काय लिहू?"

मी पाटी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "हे बघून लिही."

तिनं बराच वेळ त्या अक्षरांवरनं बोट फिरवलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पत्त्यात सेवानिवृत्त वायरमन लिहायची गरज नसते, बाबा."

म्हटलं, लिही तू.